चिपी की मोपा

४ जाने., रविवार
बाबांचा खुबा बदलून पाच महिने झाले. काल डॉ. म्हणाले, फिरायला न्या, पण एका जागी सलग दीड तासाच्या वर बसवू नका. म्हणजे बस बाद, आगगाडी बाद. बाबा खुर्चीतून म्हणाले, "मगे इमानान जावया. एकदा दर्यो बगूचो हा."
मी म्हटलं, दादरची चौपाटी टॅक्सीने पंधरा मिनिटांवर आहे.
"तो आपलो न्हय."
एकोणऐंशी वर्षांचा माणूस. गिरणीत चौतीस वर्षं साच्यावर उभा राहिला, विमानात एकदाही बसलेला नाही. आणि आता एकदम 'इमानान'. बरं वाटलं मला. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं आठवत नाही.
चौथा शनिवार, रविवार आणि २६ जाने.चा सोमवार. कोर्टाला तीन दिवस सुट्टी. तेव्हाच जायचं.

६ जाने., मंगळ.
विमानतळ कुठला, हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत टाकला आणि पस्तावले. आमच्या कोर्टात निम्मा स्टाफ कोकणातला. दोन तट पडले. साहेबांच्या शिपायाला येऊन आवाज कमी करा म्हणून सांगावं लागलं.
माझ्यापुरतं लिहून ठेवते:
चिपी: आमच्या गावापासून पाऊण तास.
मोपा: गोव्याच्या हद्दीत. गावाला जायचं तर दोन तास. पण शिरोड्याच्या बाजूची समुद्रावरची हॉटेलं तासाभरात.
दाभोळी त्याच्याही खाली. ती बाद.
गिरगावच्या नाईकबाई, माझ्यासारख्याच स्टेनो, म्हणाल्या, "मोपाच कर. गावी नातेवाइकांकडे थोडंच जायचंय तुला?"
मी नाही म्हटलं. नंतर दुपारभर एका साक्षीदाराचा जबाब घेताना तेच डोक्यात. नाही म्हटलं खरं, पण बाबांना कुठे विचारलंय?

९ जाने., शुक्र.
आज दोन्ही नावं त्यांच्यापुढे ठेवली.
"चिपी म्हणजे परुळ्याचो सडो. थय इमान उतारता?" त्या ओळखीच्या कातळाच्या माळावर विमान! क्षणभर चेहरा उजळला. मग पेपरची उलटी घडी घालत बसले. जरा वेळाने, "दुसरा खंय?"
ओळखलं मी. वीस वर्षं लोकांचे जबाब लिहून घेतेय, मुख्य गोष्ट सोडून बाकी सगळं सांगणारा माणूस कळतो. समुद्र समुद्र करतात, घराचं नाव नाही.
घरात काका आहे. बाबांचा धाकटा भाऊ. आजी गेली तेव्हा बाबा फोन येताच निघाले, आणि घाटात दरड कोसळली. एका ट्रकवाल्याच्या मोबाइलवरून घरी सांगितलं, 'थांबा, मी येतंय.' काका 'थांबतंय' म्हणाला. बाबा पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळं उरकलं होतं. स्वतःच्या आईचं तोंड बघायला मिळालं नाही. उंबऱ्यावरूनच परत फिरले, त्याला अकरा वर्षं झाली. दोन घरांत बोलणारे आता मी आणि काकाचा मुलगा महेश, तेही सणाला.
तर विमानतळ ठरवायचा म्हणजे खरं हे ठरवायचंय. चिपीला उतरून काकाला टाळता येणार नाही. मोपाला उतरून टाळता येईल.

११ जाने., रवि.
सकाळी चहा पिता पिता फर्मान: "देवाक इचार."
मला हसूच आलं. विमानतळासाठी कौल! म्हणजे मूर्तीला दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या, आधी कुठली पडते ते देवाचं उत्तर. पण ते गंभीर. "म्हेशाक सांग. देवाक पाकळ्यो लाव म्हणा. उजवी पडली तर चिपी, डावी पडली तर मोपा. तुझ्या काकाक कळता नये."
काकाला कळता नये! देवळात आमच्या घराच्या वतीने गाऱ्हाणं घालतो कोण? काकाच. बाबा तिथे नसतात म्हणून अकरा वर्षं तोच घालतो. हे बाबांना माहीत नाही, हे मी शपथेवर ऐकलं तरी मानणार नाही.
महेशला फोन केला. तो म्हणाला, "ताई, गुरवारी येळ गावतलो. बगतंय."

१३ जाने., मंगळ.
लिहायला नको वाटतंय, पण इथे नाही तर कुठे लिहू.
मोपाची तिकिटं काढली आज. दोघांची. जोडून सुट्ट्या आल्यामुळे त्या शनिवारी चिपीला जागाच नाही. मोपाच्याही संपत आल्या होत्या. सुट्टी पुन्हा मिळणार नाही, कौल गुरुवारी. किती थांबणार? बाबांना सांगितलेलं नाही. कौल डावा पडला तर प्रश्नच मिटला.
देवाला विचारायला पाठवून उत्तराआधी आपलं उरकून मोकळी.

१५ जाने., गुरु.
दुपारी महेशचा फोन, देवळाबाहेरून. समोर पॅड होतं, सवयीने सगळं लघुलिपीत उतरवलं. तेच इथे साध्या अक्षरात.
गुरवाने पाकळ्या लावल्या. तासभर झाला, उजवी पडेना की डावी पडेना. देव बोलेना. तेव्हा गुरव म्हणाला, "घरातला कायतरी बोलूचा रवला हा. ता आदी बोला." काका होताच तिथे, असणारच. त्याने हात जोडले. मग सगळ्यांसमोर मोठ्याने:
"बा देवा महाराजा. थोरल्यान थांब म्हणान सांगल्यान हुता, मी थांबतंय म्हटलंय आणि थांबाक नाय. दिवस बुडत इलो, लोका घाई करीत हुती. पण शबूद माझो हुतो. आये तेची पण हुती. चुकलंय तां पदरात घे, महाराजा."
माणसं म्हणाली, "व्हय महाराजा."
आणि उजवी पडली.
महेश म्हणाला, "ताई, मी आमच्या बाबांका असा बोलताना कदी आयकूक नाय." साहेबांनी बोलावलं म्हणून फोन ठेवला. साहेबांनी बोलावलं नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बाबांना पॅडवरून वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं.
"परत वाच."
वाचलं.
"लोका घाई करीत हुती, थयसून वाच."
तिसऱ्यांदा वाचलं. मग उठून वॉकर घेऊन खिडकीशी गेले, आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभे. डॉ.नी उभं राहायला सांगितलंच आहे, म्हणून मी काही म्हटलं नाही. जेवताना एकच वाक्य: "चिपी पडली म्हण."
मोपाची तिकिटं मोबाइलमध्ये.

१८ जाने., रवि.
सांगितलं. सरळ कबुलीजबाब.
"देवाक इचारलंस आणि तिकिटा आदीच काडलंस?"
"जागा संपत होत्या, बाबा. थांबता येत नव्हतं."
तोंडून गेल्यावर जीभ चावली. आता ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं होतं. मग हळूच म्हणाले,
"तो पण असाच म्हणालो हुतो."
काकावर अकरा वर्षं मीही रागावलेच होते ना, बाबांपेक्षा जास्तच. आणि मला दोन दिवस थांबता आलं नाही.

१९ जाने., सोम.
काकाला फोन केला. मीच, अकरा वर्षांत पहिल्यांदा. आवाज बाबांचाच, जरा बारीक.
"काका, आम्ही शनिवारी येतोय. पण मोपाला उतरतोय."
"देवान चिपी दिल्यान."
"हो, पण चिपीला जागा मिळाली नाही."
"असांदे. तुमी खंय उतराचा तां बगा. मी चिपीक थांबतलंय."
"अहो, पण आम्ही तिथे..."
"थांबतलंय म्हटलंय." फोन बंद.
बाबांना सांगितलं तर म्हणतात, "हट्टी आसा तो." कोण बोलतंय बघा!
शिरोड्याच्या हॉटेलात खोली सांगून ठेवली आहे. बाबांनी ती नको म्हटलं नाही. ठेवही म्हटलं नाही.

२३ जाने., शुक्र.
बॅग भरली. बाबांनी लालबागच्या बाजारातून दोन किलो चिवडा आणायला लावला. हॉटेलात दोन किलो चिवडा कोण खाणार विचारलं, तर, "असांदे."
धोतर ठेवायला लावलं. समुद्र बघायला धोतर.

२४ जाने., शनि. मोपा, टॅक्सीत
विमानात बाबांनी खिडकी सोडली नाही. पाणी दिसल्यावर काचेला बोट लावून म्हणाले, "ह्यो." तेवढंच. उतरताना चाकाच्या खुर्चीत बसायला का कू केलं, मग बसले.
मोबाइल चालू केला तर महेशचे तीन निरोप. काका नऊपासून चिपीच्या फाटकाबाहेर बाकावर बसलाय. मुंबईचं विमान येऊन गेलं, माणसं पांगली, रखवालदाराने दोनदा येऊन विचारलं. सांगतो, 'थोरलो भाव येतासा.' महेश घरी चला म्हणतोय, ऐकत नाही.
हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.
चालकाने विचारलं, "खंय जावचा, आजोबा? शिरोडा?"
बाबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चिपीक किती येळ लागतलो?"
"दोन तास तरी."
मी म्हटलं, बाबा, डॉ.नी दीड सांगितलाय. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. हात पुढे केला, "म्हेशाक फोन लाव." लावून दिला. मोबाइल दोन्ही हातांनी धरून म्हणाले,
"म्हेशा, तेका सांग. थांब म्हणा. मी येतंय."
पलीकडून काय उत्तर आलं मला कळलं नाही. मोबाइल परत दिला, तोवर फोन कट झालेला. पुन्हा लावतेय, रेंज नाही.
गाडी निघाली. तासाभराने एकदा उतरवून चालवायचं त्यांना. चिवड्याची पिशवी मागे ठेवू देत नाहीत, मांडीवर घेऊन बसलेत.