भिंतीपल्याड

वैभवचे बाबा,

तुमी रेस खेळाले पुण्याले जात होते, तवा मी भांडत होती. पण मामाजी पडल्याचा फोन गेला, तर बापासाठी घोडे सोडून दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात हजर झाले. मंग मीच म्हटलं, खेळाचंच असन तर घरी बसून मोबाइलवर खेळा.

त्या दिवशी मामाजी खाटेवरून भिंतीवर लोटा ठोकून राहिले होते. तुमी भिंतीपल्याड कानात वायर घालून घोड्याले "पळ, पळ" म्हणून राहिले होते. तुमी उठले तवा ते गेले होते.

तेरवीले सारे म्हणे, "पुंडलिकराव नशीबवान, शेवटी पोरगा घरीच होता." मीही मान हलवली.

पण मंग तुमचं तोंड पाहावत नोतं, म्हणून बोरगावले माहेरी आली. हे पत्र मात्र टाकत नाही. लोटा मलेही नळावर ऐकू आला होता. म्हटलं, घरी तुमी आहाच.

वंदना