वणीला आपल्याच मोटारीने

पांढरकवडा, १ ऑगस्ट १९६५, रविवार
आज निश्चय. मोटारीचं ट्यूनिंग करून घ्यायचं, तेही बजेटात. वणीहून इवाईबुवांचं, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांचं, कार्ड आलं आहे. लग्नानंतरचा पहिला पोळा, तेव्हा कौसल्येला अठरा तारखेपासून आठ-दहा दिवस माहेरी न्या, एस.टी. सोयीची आहे. एस.टी.! भर मांडवात मी यांना सांगितलं होतं की मुलीला न्यायला माझी स्वतःची मोटार येईल. उलट टपाली तेच कळवलं. सौ. म्हणाली, आधी ती कोर्टापर्यंत जाऊ द्या. दुर्लक्ष केलं.

४ ऑगस्ट
हायवेवरच्या रहमत मिस्त्रीकडे मोटार नेली. (नेली म्हणजे चौघांनी ढकलली. उतार होता.) बॉनेट उघडून त्याने तेल बोटावर घेऊन हुंगलं. मला हुंगणाऱ्या माणसांचा संशय येतो. मग म्हणाला, "वकीलसाहेब, ट्यूनिंगनं काय होते? रिंगा गेल्या. इंजन खोलाच लागते." ट्रकवाल्यांना लुबाडायची सवय, दुसरं काय! मी ट्यूनिंगला गेलो होतो. डोकं दुखतं म्हणून जावं आणि डॉक्टरने पोट फाडू म्हणावं, त्यातली गत.
परत येताना तोच उतार चढ झाला होता.

९ ऑगस्ट
माणूस सापडला. अय्यूब. पिठाच्या चक्क्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करतो, वेळ पडल्यास शिवणयंत्रंही. रहमतच्या निम्म्यात. त्याला मोटारीचा अनुभव विचारला तर म्हणाला, "इंजन म्हणजे इंजनच, वकीलसाब. चक्कीचं काय अन् मोटरचं काय." विचारांची स्पष्टता आवडली.

१४ ऑगस्ट, सकाळ
सुरू झाली! मधे न थांबता चालू आहे. पुक् पुक् पुक्, एका लयीत. शेजारच्या रुखमाबाई ज्वारीचा डबा घेऊन दारात आल्या. "चक्की कधी टाकली वो? सांगतलंबी नाही!" सौ. तोंडाला पदर लावून आत पळाली. बायकांना यंत्राबद्दल आदर नाही.

संध्याकाळ
वेग कमीजास्त होत नाही. अय्यूब म्हणतो, वेग हलला की पीठ जाडंभरडं पडते. त्याला समजावलं की आपल्याला पीठ नको आहे. विचार करतो म्हणाला.

१७ ऑगस्ट
वणीला कार्ड टाकलं: अठराऐवजी बावीसला येतो, ट्यूनिंगचं शेवटचं काम चालू आहे. सौ. म्हणाली, तुम्ही बसा मोटारीपाशी, मी एस.टी.नं जाऊन पोरीला घेऊन येते. मग माझ्या शब्दाचं काय? दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. कोर्टात तारीख मागून घेतली.

२१ ऑगस्ट
अय्यूबच्या सल्ल्याने पेट्रोलमध्ये थोडं रॉकेल. खर्चात बचत. धूर होतो, पण गल्लीतले डास गेले. आभार कोणी मानले नाहीत.
ट्रायल घेतली. मोटार कोर्टापर्यंत व्यवस्थित गेली. परत आली नाही, पण तो ट्रायलचा भाग नव्हता. एका अशिलाने बैलजोडी लावून घरी आणून दिली. त्यावरून मोठा मुद्दा सुचला. वाटेत काही झालंच तर बैल आहेत. या जिल्ह्यात पेट्रोल एखाद्या वेळी मिळणार नाही, बैलजोडी गावोगाव. प्लॅन आता पक्का.
वणीला कार्ड: पंचवीसला नक्की.

२३ ऑगस्ट
कौसल्येचं कार्ड, आईच्या नावाने. सासूबाई म्हणतात आता दोनच दिवस मिळतील, सत्तावीसला परत यायचं, महालक्ष्म्यांची तयारी आहे. "मी अठरालाच पिशवी भरून ठेवली होती. मोटारीचा आवाज आला की ओसरीवर जाते."
सौ.ने कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. कार्ड दोनदा वाचलं. पोर पाच महिने झाले दिसलेली नाही. अय्यूबला बोलावून पुन्हा सगळे प्लग पुसायला लावले.

२५ ऑगस्ट, बुधवार, पहाट
निघालो. पुक् पुक्. गल्ली जागी झाली. होऊ दे.

त्याच दिवशी, दुपार
मारेगावच्या अलीकडे बंद. घाबरण्याचं कारण नाही, प्लॅन तयार होता. जवळच्या नाल्यावर एक म्हातारा शेतकरी, उकंडा, बैल धूत होता. जोडी मस्त. म्हटलं, जरा लाव. तो माझ्याकडे पाहतच राहिला. "आज खांदशेकणी व्हय ना, साहेब! आता खांद्याले हळद-लोणी लावीन. पोळा झाल्याबिगर जू ठेवत नाही." दुप्पट देऊ केले. त्याने कानाला हात लावला. दुसऱ्याकडे गेलो, तिसऱ्याकडे गेलो. तेच.
वीस वर्षं शेतकऱ्यांचे दावे चालवतो आहे. लेकीला पोळ्यालाच आणायला निघालो. आणि बैलांनाही पोळा असतो हे डोक्यात आलं नाही!
दोन एस.टी. वणीकडे गेल्या. पण इवाईबुवांच्या दारात बसमधून उतरून काय सांगायचं? दुसऱ्या गाडीला हात अर्धा वर गेला होता. डोकं खाजवलं.

संध्याकाळ
उकंडाने बैलांच्या कानात सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग मला म्हणाला, "तुमालेबी आवतण, साहेब." नाही म्हणवलं नाही. पोर ओसरीवर असेल.

२६ ऑगस्ट, पोळा
मोटारीत झोप लागली होती. तेवढ्यात सकाळची वणी गाडी गेली असावी, आणि मी रात्री परतलो नाही म्हणून तिच्यात सौ. होती. हे मला दुपारी कळलं, कारण दुपारी परतीची एस.टी. माझ्यापाशी थांबली आणि खिडकीत दोघी. सौ. म्हणते, सकाळी मोटार दिसली, तुम्ही घोरताना दिसलात, जिवात जीव आला. उठवलं असतं तर तुम्ही समजावत बसला असता, म्हणून गाडी थांबवली नाही.
कौसल्या दारापर्यंत आली. वाळली आहे. म्हणाली, बाबा, चला, जागा धरली आहे. सासरी काल दिवसभर सगळे विचारत होते, आली का बापाची मोटार? जेवण गेलं नाही तिला. मी सांगितलं, मोटार अशी रस्त्यावर टाकून येणं बरोबर नाही. शिवाय दोष ट्यूनिंगचा नाही, रॉकेलमध्ये पाणी असावं, आणि कार्बोरेटरचं असं असतं की… कंडक्टरने घंटी दिली. दाराशी उभी राहून ती ऐकत होती. गाडी हलली तरी मी बोलतच होतो.
उकंडाकडे पुरणपोळी जेवलो. आधी बैल, मग मी. पोरांनी बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग मोटारीच्या दिव्यांना लावला. रागावलो नाही.

२७ ऑगस्ट, शुक्रवार
पहाटेच उकंडाने जोडी लावली. मी स्टीअरिंगवर. खरं सांगतो, मोटार इतकी सुरळीत कधीच चालली नव्हती. धूर नाही, आवाज नाही.
करंजीच्या पुढे समोरून वणीला जाणारी एस.टी. आली. खिडकीत कौसल्या, शेजारी तिचा धाकटा दीर, न्यायला आलेला. तिने हात हलवला. मी हॉर्न दाबला. वाजला नाही. मग हात बाहेर काढेपर्यंत गाडी मागे निघून गेली.

रात्र, घरी
सौ.ने झाकून ठेवलेली पोळी वाढली. पोर कशी होती विचारलं. म्हणाली, हसली, झोपली, पोटभर जेवली. दारात मोटारीची रिकामी जागा पाहून मात्र ओसरीवर बसून राहिली.
मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप?
आहे, म्हणाली. पुढच्या वेळी मी एस.टी.नं येईन. बाबांनी फक्त घरी असावं.