बावन्नावा आठवडा माझ्याकडेच आहे

टॅम्पिनीस, सिंगापूर
शनिवार, दि. २३ जानेवारी २०१६
सकाळचे ९ वाजून १० मिनिटे

ती. यादवरावमामांना प्रीतमचा सविनय जय भीम.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी ओट्याशी उभा राहून एका लाकडी पाटीची लांबी, रुंदी आणि जाडी मोजत होतो. का, ते पुढे येईलच. आधी प्रकृतीची चौकशी करावी आणि मग कामाचे लिहावे, हे तुम्हीच शिकवलेत. म्हणून विचारतो की गुडघा कसा आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा तुम्ही गुडघ्याला बांधता की अजून खुंटीलाच? सरलामामींच्या डोळ्याचे पाणी थांबले का? आयटीआयमध्ये तुमच्या सुतारकामाच्या वर्गाला यंदा तरी लाकूड वेळेवर आले का? मी ठीक आहे. वजन दोन किलोंनी कमी झाले, पण ते नॉर्वेतल्या स्वेटरांचे असावे.

नॉर्वेसारखा देश सोडून, तोही ऐन नाताळात, तू चोरासारखा का निघालास, असे तुम्ही फोनवर दोनदा विचारलेत. दोन्ही वेळा मी "रेंज नाही" म्हणालो. रेंज चांगली होती. 'चोरासारखा' हा शब्द तुम्ही सहज वापरला असेल, पण तो इतका नेमका लागू पडतो की मला घाम फुटला. (इथे घाम तसाही फुटतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.)

झाले ते असे. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडलेल्या माणसाला ट्रॉन्डहाइमच्या भारतीय हॉटेलात जे मिळते ते मला मिळाले होते, म्हणजे तीन वर्षे कांदा. सिंगापूरला पाया लेबारच्या एका ऑफिस-इमारतीतल्या कँटीनमध्ये सहायक स्वयंपाक्याची जागा निघाली. पत्रात लिहिले होते की सोमवार २८ डिसेंबरला हजर व्हा, नाहीतर कामाचा पास रद्द. मी अकरा दिवस वेगवेगळ्या तारखांची भाडी वहीत उतरवून घेतली आणि सर्वांत स्वस्त तिकीट काढले, ते निघाले गुरुवार २४ डिसेंबरचे. ते स्वस्त का होते हे नंतर कळले. त्या दिवशी नॉर्वेतला शहाणा माणूस कुठेही जात नाही. दुपारी अडीचला अंधार पडतो, पाचला चर्चच्या घंटा वाजतात, आणि मग सगळे शहर दार लावून जेवायला बसते.

आता पाटी. माझ्या लाकडी इमारतीत चार घरे होती. तळमजल्यावर ब्रेक्केबाई (वय ७९, सोबत एक मांजर), वर एक विद्यार्थी, त्याच्या शेजारी मी, आणि माझ्या समोर एक डॉक्टर, जे हृदयाची ऑपरेशने करतात. चौघांत मिळून एक पाटी. तिच्यावर नॉर्वेजियन भाषेत 'जिना धुणे' एवढेच लिहिलेले, आणि वर दोरीसाठी भोक. ती ज्याच्या दाराला लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना धुवायचा आणि हिवाळ्यात दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ काढायचा. रविवारी रात्री ती शेजारच्या दाराला लावायची. काम झाले नाही तर पाटी हलत नाही. तिच्यावर कोणाचे नाव नाही, हुद्दा नाही, आडनाव तर नाहीच. मी आलो त्या पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी कामावरून परतलो, तर एक माणूस गुडघे टेकून पायऱ्या पुसत होता. मी त्याला सफाई कामगार समजलो आणि बूट हातात घेतले. "जपून, ओलं आहे," म्हणाला. तेच डॉक्टर. मामा, मी त्या रात्री मामींना फोन करून हे सांगितले होते. तुम्ही म्हणालात, थापा मारतो.

बावन्नावा आठवडा माझा होता. (तिथे आठवड्यांनाही नंबर असतात, मला हे फार आवडायचे.) निघायच्या दिवशी सकाळी सहाला मी बर्फ काढला. सातला तेवढाच पुन्हा पडला, पुन्हा काढला. नऊला तिसऱ्यांदा. जिना दोनदा धुतला. पण आठवडा संपतो रविवारी आणि टॅक्सी होती गुरुवारी दहाला. पाटी डॉक्टरांच्या दाराला लावावी, तर तीन दिवस आधी लावली म्हणजे मी कामचुकार ठरलो. माझ्याच दाराला ठेवावी, तर मागे राहते रिकामे घर, आणि रिकाम्या घराला जिना कसा धुवायला लावणार? ब्रेक्केबाईंच्या हाती द्यावी, तर त्या मांजरासह बहिणीकडे. विद्यार्थी गावी, डॉक्टर ड्यूटीवर. मी पाटी हातात धरून जिन्यात उभा राहिलो. तिथले टॅक्सीवाले हॉर्न वाजवत नाहीत, नुसते घड्याळाकडे बघतात, आणि ते जास्त लागते. कुलूप लावायला पाटी काखेत धरली, ती काखेतच राहिली. विमानतळावर तपासणीच्या माणसाने मला कोट काढायला सांगितले तेव्हा ती खाली पडली. त्याने उचलून वाचली. मला वाटले, आता धरतात. त्याने माझ्याकडे गंभीरपणे पाहिले आणि म्हणाला, "म्हणजे या आठवड्याची पाळी तुझी!" आणि नाताळच्या शुभेच्छा देऊन मला पुढे सोडले. मामा, पाटी घेऊन मी विमानात बसलो.

सिंगापुरात कँटीनचे काम व्यवस्थित आहे. पंचाईत घराची. इथे एजंटला फोन केला की तो आधी विचारतो, "इंडियन?" हो म्हटले की म्हणतो, ओनरला नको, आणि फोन ठेवतो. मी चौदा फोन केले. शेवटी मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमधला अर्ध्या खोलीतला पलंग मिळाला. राहणारे तिघे पुण्याचे इंजिनिअर. निशिकांत, ज्यांच्या नावावर भाडेकरार आहे आणि जे मॅनेजर आहेत; सौमित्र, जे पुढच्या वर्षी मॅनेजर होणार आहेत; आणि क्षितिज, माझा खोलीसोबती, जो प्रत्येक गोष्टीला "हो ना यार" म्हणतो आणि झोपतो. निशिकांतांनी पहिल्या दिवशी माझे आडनाव विचारले. मी सांगितले. मग गाव विचारले. ते ऐकून म्हणाले, "अच्छा, अच्छा." दोनदा 'अच्छा' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

घरमालकीण मॅडम लिम, साठीच्या, छत्रीशिवाय कुठे न जाणाऱ्या. त्या मागच्या खेपेला घर बघायला आल्या, तेव्हा शेगडीची अवस्था आणि संडास बघून सांगून गेल्या की जानेवारीत पुन्हा येईन. असेच असले तर महिनाअखेर चौघेही बाहेर. चौदा फोनांनंतर मिळालेला पलंग जाणार, म्हणून मी रात्रंदिवस हाच हिशेब करीत होतो की पंधरावा फोन कोणाला करायचा. निशिकांत मात्र सोफ्यावर पाय पसरून, बशीतला फरसाण गालिच्यावर सांडत, आम्हाला अर्धा तास समजावीत होते की हे लोक आपल्याला कसे वागवतात. कातडी बघून घर नाकारतात, हा शुद्ध भेदभाव आहे, एकविसाव्या शतकात माणूस माणसाला असे वागवतो याची लाज वाटली पाहिजे. सौमित्र मान डोलवत होते. क्षितिज "हो ना यार" म्हणाला. बोलणे संपवून निशिकांत माझ्याकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "प्रीतम, ते बाथरूमचं तू बघशील ना? म्हणजे, तुला सवय असेल."

मी कांदा चिरण्याच्या कामातला माणूस आहे, हे त्यांना माहीत होते. सवय कशाची, हे मी विचारले नाही. माझ्या आजोबांनी गाव सोडले ते ज्या एका वाक्यामुळे, ते वाक्य इतक्या गोड आवाजात, इतक्या उंच मजल्यावर, एसी लावून ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते. उलट उत्तर द्यायला मला जमत नाही. (तुम्हाला जमते, पण तुमच्याकडे माईक असतो.) मी खोलीत गेलो, बॅगेतून पाटी काढली, माझ्या आणि क्षितिजच्या दाराला लावली आणि त्या आठवड्यात शेगडी, संडास, न्हाणीघर सगळे लख्ख केले. निशिकांत खूश. पुढच्या सोमवारी सकाळी पाटी त्यांच्या दाराला.

"हे काय?"

मी नियम सांगितला. ते हसले. म्हणाले, आपल्याकडे सिस्टिम आहे. ती खरोखरच होती. सौमित्रांनी एक्सेलमध्ये घरातल्यांच्या पाळ्यांचा तक्ता केला होता, हिरवा, पिवळा, लाल, आणि गेले सात महिने तो सगळा लाल होता. पाटी निशिकांतांच्या दाराला तशीच राहिली. मी काढली नाही. काम झाले नाही तर पाटी हलत नाही. भांडी साचली. चौथ्या दिवशी संक्रांत आली आणि सुनेत्राताई, ज्या इथल्या हळदीकुंकवाची वर्गणी गोळा करतात, तिळगूळ घेऊन आल्या. त्यांनी विचारले, ही पाटी कसली? निशिकांत म्हणाले, नॉर्वेची आहे, तिकडे घरातल्या मुख्य माणसाच्या दारावर लावतात. ताईंनी "वा!" म्हणून फोटो काढला. मी तिळगूळ खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता, मॅडम लिम. छत्री दारात झटकली, स्वयंपाकघर पाहिले, संडास पाहिला आणि परत दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात त्यांना पाटी दिसली.

"दिस वन व्हॉट?"

मी खरे ते सांगितले. ज्याच्या दाराला, त्याने धुवायचे.

मॅडम लिमनी छत्रीच्या टोकाने निशिकांतांचे दार वाजवले. आतून ऑफिसच्या कॉलचे इंग्रजी ऐकू येत होते. ते हेडफोनसह बाहेर आले.

"यू वॉश, आह?"

"मॅडम, अ‍ॅक्च्युअली इट्स अ डेकोरेशन..."

"युअर डोअर, युअर बोर्ड. यू वॉश. नाऊ कॅन?"

"मॅडम, आय ॲम इन अ मीटिंग."

"कॅन, कॅन. यू मीटिंग, यू वॉश. आय वेट, लाह." आणि खुर्ची ओढून बसल्या.

मामा, ती पंचेचाळीस मिनिटे मी कशी वर्णन करू? निशिकांतांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. कानात मीटिंग, हातात ब्रश. त्यांना अ‍ॅसिडची बाटली कोणत्या बाजूने उघडते हे माहीत नव्हते. ते मी सांगितले. मॅडम लिम छत्रीने कोपरे दाखवत होत्या, "देअर. देअर ऑल्सो. बिहाइंड." मधेच निशिकांतांच्या बॉसने काहीतरी विचारले असावे, कारण ते संडासात वाकूनच म्हणाले, "येस, आय ॲम लुकिंग इन्टू इट." क्षितिज दारात उभा राहून हे बघत होता आणि पहिल्यांदाच झोपायला गेला नाही. शेवटी मॅडमनी फरशीवर बोट फिरवून पाहिले आणि करार आणखी एक वर्ष वाढवला. जाताना पाटीचा फोटो काढला आणि मला म्हणाल्या, "बोर्ड स्टे, यू स्टे."

त्यानंतर सौमित्रांची पाळी निमूट झाली. निशिकांतांनी सुनेत्राताईंच्या ग्रुपवर ब्रशसह स्वतःचा फोटो टाकला आहे, खाली 'श्रमप्रतिष्ठा'. एकशे बारा लोकांनी अंगठे दिले. ही कल्पना आपलीच असे ते पाहुण्यांना सांगतात, आणि मी पाणी नेऊन देतो. ते सुधारले असे माझे म्हणणे नाही. ते मॅडम लिमना घाबरतात. मला तेवढे पुरते.

सगळे इथेच थांबले असते, तर हे पत्र आनंदाचे झाले असते. परवा ब्रेक्केबाईंची ईमेल आली. बाई रागावलेल्या नाहीत, हेच वाईट. लिहितात की नवीन नोकरी छान चालली असेल अशी आशा आहे. पाटी नसल्याने कोणाची पाळी हे ठरवता येत नाही, सबब २४ डिसेंबरपासून जिना धुतलेला नाही आणि बर्फ खिडकीला लागला आहे. डॉक्टर जिन्याच्या खिडकीतून येजा करतात. नियम पाहता पाटी ज्याच्याकडे त्याचीच पाळी, म्हणजे त्यांच्या इमारतीत अजून बावन्नावाच आठवडा चालू आहे. तरी मी तो केव्हा संपवणार, एवढेच कळवावे.

मी काल रात्रीपासून जेवलेलो नाही. पाटी पाठवली तर इथले घर जाते, ठेवली तर तिथे एकोणऐंशी वर्षांची बाई बर्फात अडकते. तरी काळजी नसावी. मामींना जय भीम.

आपला,
प्रीतम

ता. क. १ : खरे काम असे की मला तशीच दुसरी पाटी हवी आहे. चोवीस बाय अकरा सेंटिमीटर, जाडी चौदा मिलिमीटर, नक्षी व अक्षरे सोबतच्या कागदावर छापून घेतली आहेत. उजवा खालचा कोपरा फुटलेला आहे, तो तसाच फोडावा, कारण मॅडम लिमकडे फोटो आहे. ही बनावट आहे हे मला कळते. मूळ पाटी आजच टपालाने ब्रेक्केबाईंना पाठवतो आहे. पोचली की त्या ती डॉक्टरांच्या दाराला लावतील.

ता. क. २ : इकडे पुढचा सोमवार माझ्या खोलीचा आहे, आणि पाटी नसली तरी क्षितिजने आपण होऊन आजच बादली भरली. तरी घाई करावी. त्याचा भरवसा नाही.

ता. क. ३ : काल फोन केला तेव्हा तुम्ही वर्गावर होतात. हे सगळे मामींना सांगितले. त्या म्हणाल्या, "मामांना लिही, दोन करा म्हणावं." मी विचारले, दुसरी कशाला? म्हणाल्या, गेल्या चौदा एप्रिलला मामांनी समतेवर जे भाषण केले, ते त्यांनीही ऐकले, पण मोरीतून, भांडी घासत. तरी कृपया दोन कराव्यात, दुसरीवर अक्षरे मराठीत. खिळ्याची चिंता करू नये. तो मामींनी कालच ठोकला आहे, तुमच्या खोलीच्या दाराला.