आईचा घाम

दिंद्रुड, मे, रविवार संध्याकाळ

कधी एकदा लिहीन असं झालं होतं. दुपारी आई रानातून तापून आली आणि मी नर्सिंगच्या पिशवीतला थर्मामीटर तिच्या काखेत लावला. मग माझ्या. मी दिवसभर कूलरसमोर, तरी दोघींचा आकडा जवळपास सारखाच. बाहेर एवढी आग, आणि आत काही हललेलं नाही. पुस्तकात हेच पाठ केलं होतं, पण आईच्या अंगात बघणं लई वेगळं.

"हा घामच तुला गार ठेवतो," मी म्हणाले. "पाणी किती पिलीस?"

"कमीच. ऊसतोडीपासूनची सवय हाय. फडात बाईमाणसाला आडोसा कुठं असतोय?"

माझा उत्साह तिथंच अडखळला. परवा तिला रानात चक्कर आली ती यानंच का? इतकी वर्षं तिचं शरीर थेंब थेंब पाणी राखत आलं, तरी घाम काढत राहिलं. केवढं शहाणं शरीर. पण किती दिवस?

तांब्या भरून दिला. घोट घेण्याआधी तिनं सवयीनं बाहेर बघितलं.

"आई, आता घरात संडास हाय."

तिनं तांब्या रिकामा केला. मग स्वतःच म्हणाली, "आनखी आन."