रिकामं तबक

डॉक्टर हॉगन यांना,
रुलाच्या बापाचा सलाम.

तुमच्या ऑफिसात आलेला बकलावा मी पाठवला होता. रुलाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेत तिला कमी गुण पडले, ऐंशी हॉस्पिटलांनी तिचा अर्ज बाजूला टाकला, आणि रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या शिक्षणाच्या, मुलाखतीला फक्त तुम्ही बोलावलंत. घरी येऊन म्हणाली, "बाबा, त्यांनी गुणांच्या आधी माझं नाव नीट कसं उच्चारायचं ते विचारलं." दुसऱ्याच्या भट्टीवर पीठ मळत मी अमेरिकेत, या डिअरबॉर्नात उभा राहिलो. चांगल्या माणसाकडे गोड पाठवायचं, एवढंच मला येतं. मी तबक भरलं.

परवा माझ्या दुकानात दोन शिकाऊ डॉक्टर कुनाफा खात हसत होते. "भेट पाठवली? मग गेलं त्याचं नाव यादीच्या तळाला!" माझे कान तिखट आहेत, त्या दिवशी नसते तर बरं झालं असतं.

रुलाला सांगितलं. ती ओरडली नाही, म्हणून जास्त भीती वाटली. "आता खुलासा करायला जाऊ नका, बाबा. मुलाखतीनंतर आपल्याकडून एक अक्षरही गेलेलं त्यांना चालत नाही."

काल तबक परत आलं. लख्ख धुतलेलं, रिकामं. आमच्यात संबंध तोडायचा असेल तरच भांडं असं पाठवतात. तुमच्यात त्याचा अर्थ काय, हे विचारायचीही मला बंदी.

कुणाला आधी घ्यायचं ती तुमची उमेदवारांची यादी आज रात्री नऊला बंद होईल. तोवर हे पत्र माझ्याच खिशात राहील. रुलाला घेतलंत, तर भेटायला रिकाम्या हातांनी येईन. उभ्या आयुष्यात कुणाकडे तसा गेलेलो नाही. पण शिकेन.

तुमचा,
नदीम कबलान, मिठाईवाला