या खोलीत माझं कोणाशीही नातं नाही

ती. स्व. प्रतिमामावशी हिस रुहीचा जर्सी सिटीहून नमस्कार. तुझा गुडघा आणि मॉरिसव्हिलची हवा, दोन्ही बरी असतील असं धरून चालते. घडलं ते असं:

१. मंगळवारी एका वकिलाच्या ऑफिसात मी खटल्याआधीची साक्ष नोंदवून घेत होते.
२. साक्ष देणाऱ्या रमाबाईंनी मला विचारलं, जेवलीस का.
३. साक्ष थांबवण्यात आली.

आता सविस्तर. (माझं काम तुला अजून टायपिंग वाटतं. ते टायपिंग नाही. शपथ मी देते, उच्चारलेला प्रत्येक शब्द स्टेनो मशीनवर घेते आणि नोंद खरी असल्याचं प्रमाणपत्र माझ्या सहीने जातं. साक्षीदाराने नुसती मान हलवलेली चालत नाही. तोंडाने हो किंवा नाही म्हणावं लागतं.) रमाबाई एका किराणा दुकानात घसरून पडल्या होत्या आणि त्यांनी दुकानावर दावा लावला होता. शपथ देताना माझं नाव ऐकून त्या खुलल्या. फरशी ओली होती का, या प्रश्नावर त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, किती वाळलीस. जेवलीस का? मावशीला खरं सांग." दुभाषी अंकुर प्रामाणिक माणूस. त्याने सगळ्याचं इंग्रजी केलं, मावशीसकट. दुकानाच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. दावा लावणाऱ्याच्या नातेवाइकाला नोंद घेता येत नाही. (नियम योग्य आहे.) ही तुमची भाची का, असं त्याने विचारलं, तर रमाबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब आल्यावर भाची नाही तर काय मॅडम म्हणू?" याचा उपयोग झाला नाही. शेवटी मला सांगावं लागलं, की या खोलीत माझं कोणाशीही नातं नाही. नोंद घेणारी मीच, त्यामुळे ते वाक्य बोलता बोलता मीच मशीनवर घेतलं. एकही चूक नाही.

त्यानंतर रमाबाई फक्त फरशीबद्दल बोलल्या. निघताना त्यांनी पर्समधून डबी काढून लाडू पुढे केला. अशा वेळी काही घेऊ नये. मी नाही म्हणून मान हलवली. ती कुठेही नोंदलेली नाही.

मनोहरकाकांना नमस्कार.

रुही

ता. क. पत्राचा हेतू टायपिंगबद्दलचा तुझा गैरसमज दूर करणं, इतकाच आहे.

ता. क. २. जेवले नव्हते.

ता. क. ३. या दिवाळीला मी तुमच्याकडे आले तर चालेल का? हो किंवा नाही, तोंडाने सांग. व्हॉट्सॲपवरचा अंगठा ग्राह्य धरला जाणार नाही. शुक्रवारपर्यंत फोन कर.