जंबोची लाल पट्टी

३ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आपलं जंबो विमान मोडीत निघाल्याचं तुमचं पत्र मिळालं. ते मी माझ्या कपाटात ठेवलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

पडल्यापासून ते अंथरुणालाच होते, पण हल्ली वॉकर घेऊन दारापर्यंत जातात. का, तर जंबो संग्रहालयात जाणार असंच ते अजून धरून आहेत, आणि ते न्यायच्या आत त्यांना एकदा जिना चढून कॉकपिटात जायचंय. निवृत्तीच्या दिवशी तिथे बांधलेली लाल पट्टी सोडायचीय. त्यांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे: दुरुस्ती अपुरी राहील तिथे पट्टी बांधायची, आणि बांधेल त्यानेच ती सोडायची. पडायच्या आधी त्यांनी न्हाणीघरातल्या गळक्या नळाला अशीच एक बांधली. आई कुरकुरते, पण बादली अजून स्वयंपाकघरातून भरून आणते. मीही हात लावत नाही. शाळेत जायच्या आधीपासून हेच शिकलेय.

काल त्यांनी विचारलं, जंबोच्या खिडक्या झाकल्यात ना, उन्हाने काचा जातात. मी हो म्हणाले. तपासनिसाने स्वतः पाहिल्याशिवाय कशावर सही करायची नाही, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांनाच. काय करू ते लवकर कळवा.

काकूंना नमस्कार. पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुमची पुतणी

११ फेब्रुवारी

चि. तपासनीस हिस,
अनेक आशीर्वाद.

घरात तुझ्यासारखी प्रामाणिक पोर असणं म्हणजे डोक्याला ताप. दादा चालतोय ना? मग चालू दे. पायांत बळ आलं की मीच येऊन सांगेन, त्याच्या शिव्यांची मला सवय आहे.

परवा तुझ्या काकूला घेऊन विमानतळाच्या कुंपणापर्यंत गेलो होतो. नाक वेगळं काढून ठेवलंय. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांची निळी कापडं मी शिवलेली, त्या खुर्च्या चिखलात पालथ्या पडल्यात. ते पहिलंवहिलं जंबो उतरलं तेव्हा हँगरमधले सगळे कामं टाकून धावले होते. दादा म्हणाला, एवढं मोठं घर हवेत उडतंय आणि आपण दोन खोल्यांत सातजण. काकूला हे सांगितलं तर ती हसली, मग डोळ्यांना पदर लावून बसली.

एक मात्र झालं. दादाची पट्टी कॉकपिटात तशीच होती. कापणाऱ्या माणसाला चहा पाजून मागून घेतली. तिच्यासाठीच जिना चढायचा होता ना, मग तेवढा त्रास वाचला. पार्सल कालच टाकलंय, वर सवयीने त्याचंच नाव घातलं. माझ्या जुन्या पेटीत सापडली म्हणून सांग.

वहिनींना नमस्कार. काळजी थोडी कमी कर, जेवण थोडं वाढव.
तुझा काका

२० फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पार्सल तुमच्या पत्राच्या आधी आलं. मी कामावर होते. आईने ते बाबांच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

घरी आले तेव्हा ते पट्टी बोटांत फिरवत होते. गाठ तशीच होती, पट्टी मधूनच कापलेली. त्यांनी एवढंच विचारलं, कधी मोडलं. मी सांगितलं. मग म्हणाले, म्हणजे खिडक्याही झाकलेल्या नव्हत्या. रागावले असते तर बरं झालं असतं.

तुम्हाला दोष देत नाही. पेटीची गोष्ट मी सांगितली असती तरी त्यांनी ती मानली नसती. त्यांची गाठ त्यांच्याशिवाय कुणी सोडणार नाही हे त्यांना पक्कं माहीत. सुटली नाही आणि तरी हातात आली, याचा दुसरा अर्थ त्यांना लावताच आला नसता.

व्यायामवाल्या बाईंना त्यांनी परत पाठवलं. आता येऊ नका म्हणाले, अगदी नम्रपणे.

तुमची,
पुतणी

९ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही येताय हे वाचून आईला धीर आला. या. पण बाबांना चालवायच्या इराद्याने येऊ नका. ते आता उठूनही बसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, मनच नसेल तर पाय काय करणार.

पट्टीची कापलेली टोकं अंथरुणातूनच जोडून त्यांनी ती वॉकरला बांधली आहे. काल झाडताना आईने मला वॉकर बाजूला घ्यायला सांगितलं. बाबा झोपले होते. गाठ सैल होती, बोटांतली ताकद गेलीय त्यांच्या. मी नुसती ओढली असती तरी सुटली असती.

मी वॉकरच्या भोवतीने झाडून घेतलं.

माझ्यावर राग धरलात तरी लोभ सोडू नका.
तुमची पुतणी